तोच डेटा, तोच कोड, मग उत्तर वेगळं का?

हवाई विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ सायनोबॅक्टेरियापासून मिळालेल्या काही नव्या संयुगांची रचना तपासत होते. रेणूची रचना बरोबर ओळखली आहे का, हे पडताळायला संगणकाने काढलेले एनएमआरचे (चुंबकीय क्षेत्रात अणू कसे प्रतिसाद देतात हे मोजणाऱ्या तंत्राचे) आकडे प्रयोगातल्या आकड्यांशी ताडून बघतात. या हिशेबासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, आयती उपलब्ध होती. २०१४ मध्ये ‘नेचर प्रोटोकॉल्स’मधल्या एका शोधनिबंधासोबत ती प्रसिद्ध झाली होती आणि अनेक प्रयोगशाळांच्या रोजच्या वापरात होती. हवाईच्या गटाने २०१९ मध्ये जे जाहीर केलं त्याने बऱ्याच जणांची झोप उडाली असेल. त्याच फाइली त्याच स्क्रिप्टला दिल्या, तर विंडोज १० वर उत्तर आलं १७३.२, उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर १७२.४ आणि मॅकच्या एका आवृत्तीवर १७२.७.

कारण अगदी छोटं निघालं. स्क्रिप्ट संगणकाला सांगत होती, या फोल्डरमधल्या अमुक नावाच्या सगळ्या फाइलींची यादी दे. मग दुसऱ्या प्रकारच्या फाइलींचीही तशीच यादी मागवायची आणि पहिल्या यादीतली पहिली फाइल दुसऱ्या यादीतल्या पहिल्या फाइलीशी जोडायची. दोन्ही याद्या एकाच क्रमाने येतील हे तिने गृहीत धरलं होतं. पण यादी कोणत्या क्रमाने द्यायची हे पायथन ठरवत नाही, ते ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडलेलं असतं. विंडोजवर नावं क्रमाने येत होती, उबुंटूवर ती भलत्याच क्रमाने आली, जोड्या चुकल्या आणि एका फाइलीतला आकडा दुसऱ्याच फाइलीतल्या आकड्याशी जाऊन बसला. उपाय म्हणजे यादी आधी क्रमाने लावून घेणं, एवढंच. पण तोवर दीडशेहून अधिक शोधनिबंधांच्या निकालांवर शंका घ्यायची वेळ आली होती.

मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की स्क्रिप्ट कुठेही अडली नाही. लाल अक्षरांत काही उमटलं नाही. उत्तर आलं, दशांशासकट आलं आणि ते पटण्यासारखंही होतं. संशोधनाच्या डेटातल्या बहुतेक घातक चुका अशाच असतात. त्या गप्प बसतात. डेटाचा दर्जा आणि निकालाची पुनरुत्पादनक्षमता सांभाळणारी जी सॉफ्टवेअर फ्रेमवर्क गेल्या काही वर्षांत तयार झाली आहेत, त्यांच्याकडे मी याच नजरेने बघते. गप्प बसणाऱ्या चुकीला बोलतं करणं हे त्यांचं काम आहे.

आधी दोन शब्दांचा अर्थ पक्का करू. डेटाचा दर्जा म्हणजे नोंदी खऱ्या, पूर्ण, एकाच पद्धतीने केलेल्या आणि आपल्या प्रश्नाला पुरेशा असणं. पुनरुत्पादनक्षमता म्हणजे तोच डेटा आणि तोच कोड घेऊन दुसऱ्या कुणी गणित केलं तर तोच निकाल येणं. नव्याने प्रयोग करून, नवा डेटा जमवून तोच निष्कर्ष मिळतो का हा वेगळा आणि जास्त कठीण प्रश्न आहे. ‘नेचर’ने २०१६ मध्ये १,५७६ संशोधकांना विचारलं, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक जणांनी दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करताना कधी ना कधी अपयश आल्याचं सांगितलं, आणि निम्म्याहून अधिक जणांना स्वतःचाच प्रयोग पुन्हा जमला नव्हता. त्यात प्रयोगशाळेतले हजार घटक आले. पेशी, रसायनं, तापमान, हात. संगणकावरच्या भागाला मात्र अशी सबब नाही. तिथे तापमान बदलत नाही. म्हणून निदान हा भाग तरी पुन्हा जसाच्या तसा मिळायला हवा, अशी अपेक्षा रास्त आहे.

फ्रेमवर्क म्हणजे काय? आयता सांगाडा. नियम तपासणं, बदलांची नोंद ठेवणं, टप्पे योग्य क्रमाने चालवणं ही कामं तो करतो. कोणते नियम आणि कोणते टप्पे हे आपण सांगायचं. एकच मोठं सॉफ्टवेअर सगळं करतं असं मात्र नाही. चार-पाच वेगवेगळी साधनं एकमेकांना जोडून काम चालतं.

कच्च्या डेटाला हात लावायचा नाही

स्प्रेडशीटची गोष्ट इथे सांगायलाच हवी. माणसातल्या काही जनुकांची नावं ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशी होती. ती एक्सेलमध्ये टाकली की एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. १ मार्च, २ सप्टेंबर. फाइल जपून ठेवली की मूळ नाव कायमचं गेलं. २००४ मध्येच याबद्दल इशारा छापून आला होता. २०१६ मध्ये तीन संशोधकांनी जनुकशास्त्रातल्या शोधनिबंधांना जोडलेल्या एक्सेल फाइली तपासल्या, तर जनुकांच्या याद्या असलेल्या सुमारे एक पंचमांश शोधनिबंधांत अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेच नावं बदलली. ‘सेप्ट१’चं ‘सेप्टिन१’ झालं, ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’. आपोआप होणारं हे रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये. एका सॉफ्टवेअरच्या सवयीपायी जनुकांची नावं बदलावी लागली, आणि तोवर सोळा वर्षं गेली होती.

यातून निघणारा पहिला नियम असा. उपकरणातून, सर्वेक्षणातून किंवा रुग्णालयातून जशी फाइल आली तशी ती एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिच्यावर फक्त वाचण्याची परवानगी ठेवायची. दुरुस्ती करायची असेल तर ती कोडमध्ये लिहायची, म्हणजे कच्च्या फाइलीतून स्वच्छ फाइल तयार होते आणि मधलं प्रत्येक पाऊल वाचता येतं. सोबत त्या फाइलीचा हॅश काढून ठेवायचा. हॅश म्हणजे फाइलीतल्या प्रत्येक बिटवरून काढलेला ठसा. एसएचए-२५६ पद्धतीचा ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो आणि फाइलीत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी तो पूर्ण बदलतो. सहा महिन्यांनी ठसा जुळला, तर फाइल तीच आहे यावर कुणाला वाद घालता येत नाही.

नियम लिहून ठेवा, म्हणजे डेटाच ओरडेल

आता या विषयाचा गाभा. समजा, मधुमेहाच्या एका अभ्यासात तीन केंद्रांतून उपाशीपोटीच्या रक्तशर्करेच्या नोंदी येत आहेत. रकाने चार: रुग्ण क्रमांक, तारीख, वय, ग्लुकोज. दोन केंद्रं ग्लुकोज मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, तिसरं मिलिमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्यात १०० असलेला आकडा दुसऱ्यात सुमारे ५.६ होतो. रकाना एक, एककं दोन. सरासरी काढली तर संगणक आनंदाने काढून देईल.

फ्रेमवर्कमध्ये आपण आधी या तक्त्याचा आराखडा लिहितो. त्याला स्किमा म्हणतात. रुग्ण क्रमांक रिकामा नको आणि एका तारखेला दोनदा नको. वय पूर्णांकात, १८ ते ११० मध्ये. ग्लुकोज ४० ते ६०० च्या आत. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने. यासाठीची साधनं अशी: पायथनमध्ये पँडेरा किंवा ग्रेट एक्स्पेक्टेशन्स, आर या संख्याशास्त्राच्या भाषेत पॉइंटब्लँक, आणि कुठल्याही भाषेपासून स्वतंत्र असा आराखडा हवा असेल तर फ्रिक्शनलेस. हे नियम लिहायची पद्धत प्रत्येकाची थोडी वेगळी आहे, विचार एकच. नवी फाइल आली की नियम चालवायचे. तिसऱ्या केंद्राची फाइल आल्या क्षणी अहवाल येतो, की इतक्या ओळींत ग्लुकोज ४० पेक्षा कमी आहे, पहिली चूक अमुक ओळीत, मूल्य ५.६. मघाची गप्प चूक आता बोलली.

पण नियम लिहायला विषय कळावा लागतो, हे मी आवर्जून सांगेन. अनेक ठिकाणी ‘माहिती नाही’ यासाठी ९९९ लिहायची पद्धत असते. कुणी विचार न करता वरची मर्यादा १,००० ठेवली तर ९९९ बिनबोभाट आत येईल आणि सरासरी फुगवेल. मर्यादा ६०० ठेवणारा माणूस डॉक्टरांशी बोललेला असतो. म्हणून माझं मत असं, की आराखडा प्रोग्रामरने एकट्याने लिहू नये. ज्याने नोंदी केल्या, ज्याला त्यांचा अर्थ कळतो आणि जो त्यांवर गणित करणार आहे, अशा सगळ्यांनी एकत्र बसून तो लिहावा. त्या बैठकीत जेवढ्या चुका सापडतात तेवढ्या पुढे सॉफ्टवेअरलाही सापडत नाहीत.

तारखेचं दुखणं आणखी वेगळं. ०३/०४/२०२१ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? दोन्ही तारखा वैध आहेत, त्यामुळे एकेका नोंदीवर लावलेला कुठलाही नियम इथे हात टेकतो. मग पूर्ण रकान्याकडे बघावं लागतं. एखाद्या केंद्राच्या हजार नोंदींमध्ये महिन्याच्या जागी कधीच बारापेक्षा मोठा आकडा नाही, हे ठीक. पण दिवसाच्या जागीही नसेल, तर काहीतरी उलटसुलट झालं आहे. किंवा तपासणीची तारीख नावनोंदणीच्या तारखेआधीची निघते. असे दोन रकान्यांमधले किंवा अख्ख्या रकान्यावरचे नियम लिहिण्याची सोय चांगल्या फ्रेमवर्कमध्ये असते, आणि माझ्या मते खरी कमाई तिथेच आहे.

एक साधा नियम लोक विसरतात: आत किती ओळी आल्या आणि बाहेर किती गेल्या हे मोजणं. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या चाचण्यांचे निकाल एकत्र करताना जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइली वापरल्या गेल्या. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. वरच्या नोंदी नुसत्या गळून पडल्या. १५,८४१ रुग्ण अधिकृत आकड्यांतून राहून गेले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांपर्यंत वेळेत पोहोचता आलं नाही. ‘आलेल्या ओळी बरोबर गेलेल्या ओळी’ असा एक ओळीचा नियम असता, तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. दोन तक्ते जोडताना तर ही मोजणी हवीच. एका बाजूला रुग्ण क्रमांक दोनदा असेल तर ओळी गुपचूप दुप्पट होतात.

नियमात न बसणाऱ्या नोंदीचं करायचं काय? इथे घाई नको. ओझोनच्या छिद्राचा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे. नासाच्या निंबस-७ उपग्रहावरच्या उपकरणाचं सॉफ्टवेअर १८० डॉब्सन एककांपेक्षा (हे ओझोन मोजायचं एकक) कमी आलेल्या मूल्यांवर ‘शंकास्पद’ अशी खूण करत असे, कारण इतकी कमी मूल्यं तोवर कुणी पाहिलेली नव्हती. १९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या शास्त्रज्ञांनी जमिनीवरच्या मोजमापांवरून ओझोन झपाट्याने घटत असल्याचं प्रसिद्ध केलं. उपग्रहाच्या त्या शंकास्पद नोंदी खऱ्याच होत्या. त्या पुसून टाकलेल्या नव्हत्या, फक्त खूण केलेली होती. म्हणून तोच डेटा पुन्हा तपासून छिद्र केवढं पसरलं आहे ते दाखवता आलं. तेव्हा नियम मोडणारी नोंद बाजूला काढा, खूण करा, माणसाला दाखवा. कोडने परस्पर खोडू नका.

कोणती फाइल खरी?

‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन खरी’ अशा नावांच्या फाइली ज्या फोल्डरमध्ये आहेत, तिथे निकाल कोणत्या फाइलीतून आला हे सांगणं अशक्य असतं. कोडसाठी याचं उत्तर गिट. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी तयार केलं. प्रत्येक बदल कुणी, केव्हा आणि कशासाठी केला याची ते नोंद ठेवतं, आणि कुठल्याही जुन्या अवस्थेत परत जाता येतं. हिशेबाच्या वहीत जशी खोडाखोड न करता खाली नवी दुरुस्ती लिहितात, तसंच हे चालतं.

गिट मोठ्या फाइलींसाठी बनलेलं नाही. मेंदूच्या स्कॅनच्या शेकडो गिगाबाइट फाइली त्यात घातल्या तर ते गुदमरतं. म्हणून डीव्हीसी आणि डेटालॅड ही साधनं आली. ती मोठी फाइल दुसरीकडे ठेवतात आणि गिटमध्ये फक्त तिचा हॅश आणि पत्ता ठेवतात. कोडची ही अवस्था आणि डेटाची ही अवस्था यांची जोडी त्यामुळे पक्की होते. नव्याने शिकायचं असेल तर आधी गिट नीट शिका, बाकीचं त्याच्यावर उभं आहे.

टप्पे कोण लक्षात ठेवणार?

रेनहार्ट आणि रोगॉफ या हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये देशांचं कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर लिहिलेला शोधनिबंध सरकारी धोरणांच्या चर्चेत फार गाजला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला ते आकडे काही केल्या जुळेनात. त्याने लेखकांकडून मूळ स्प्रेडशीट मागवली. त्यात सरासरीचं सूत्र ३० ते ४९ ऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळींवर लावलेलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बाहेर राहिले होते. २०१३ मध्ये हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी दाखवलं, की कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का नसून २.२ टक्के येते. सगळा फरक सूत्राचा नव्हता, हेही सांगायला हवं. वगळलेली काही वर्षं आणि देशांना दिलेलं वजन यांचा वाटा जास्त होता. पण हे निर्णय कुठे केले होते, ते स्प्रेडशीट हातात येईपर्यंत कुणालाच दिसत नव्हतं.

विश्लेषण कोडमध्ये असलं तरी एक प्रश्न उरतोच. स्वच्छ करण्याची स्क्रिप्ट, जोडण्याची, मॉडेलची, आलेखाची, अशा दहा स्क्रिप्ट असतील तर कोणती आधी चालवायची? मधली एक बदलली तर पुढच्या कोणत्या पुन्हा चालवायच्या? हे डोक्यात ठेवायचं काम नाही. स्नेकमेक, नेक्स्टफ्लो, आर भाषेतलं टार्गेट्स ही वर्कफ्लो साधनं यासाठीच आहेत. स्नेकमेकमध्ये प्रत्येक टप्प्यासाठी एक नियम लिहायचा: ही फाइल लागते, ही फाइल तयार होते, मधली आज्ञा ही. मग ‘मला तिसरा आलेख हवा’ एवढं सांगितलं, की साधन मागे मागे जात जातं. आलेखाला मॉडेलचा निकाल लागतो, त्याला स्वच्छ तक्ता लागतो, त्याला कच्ची फाइल. अशी साखळी ते स्वतः जुळवतं, आणि जे टप्पे जुने झाले असतील तेवढेच पुन्हा चालवतं. मघाचे तपासणीचे नियमही याच साखळीत एक टप्पा म्हणून बसवायचे. तक्ता तपासणीत नापास झाला तर पुढचं मॉडेल चालतच नाही. डेटाचा दर्जा आणि पुनरुत्पादन या दोन गोष्टी इथे येऊन एक होतात.

ही कल्पना नवी नाही. १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिलं ते सॉफ्टवेअर बांधण्यासाठी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डमधले भूभौतिकशास्त्रज्ञ जॉन क्लेरबाउट यांनी अशीच यंत्रणा संशोधनाला लावली. त्यांच्या गटातल्या शोधनिबंधांतल्या आकृत्या एका आज्ञेने पुसता आणि दुसऱ्या आज्ञेने पुन्हा तयार करता येत. तीस वर्षांपूर्वी हे करता येत होतं, हे कळल्यावर आज ‘वेळ नाही’ म्हणणं मला तरी जड जातं.

कोड तोच, संगणक वेगळा

सुरुवातीच्या उदाहरणात कोडही तोच होता आणि डेटाही. बदललं होतं ते भोवतालचं वातावरण: ऑपरेटिंग सिस्टिम, भाषेची आवृत्ती, लायब्रऱ्या (इतरांनी लिहिलेले, आयते वापरायचे कोडचे संच). आर भाषेत यादृच्छिक नमुना काढताना ‘बी’ म्हणून एक आकडा दिला, की दर वेळी तोच नमुना मिळतो, असा सगळ्यांचा भरवसा. २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० या आवृत्तीत नमुना निवडण्याची पद्धत बदलली. आधीची पद्धत फार मोठ्या संख्यांसाठी किंचित कललेली होती, म्हणून सुधारणा योग्यच. पण तेच बी, तीच ओळ, नमुना मात्र वेगळा. मेंदूची मोजमापं काढणाऱ्या फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरबद्दल २०१२ मध्ये असंच प्रसिद्ध झालं. आवृत्ती बदलली की मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडत होता, आणि संगणक किंवा ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर त्याच्या सुमारे निम्मा. काही आजारांत मेंदूत होणारे बदल याहून लहान असू शकतात.

यावर दोन पातळ्यांचे उपाय आहेत. पहिली पातळी लॉकफाइलची: कोणती लायब्ररी, नेमकी कोणती आवृत्ती, याची यंत्राला वाचता येणारी यादी. आरमध्ये आरएनव्ह, पायथनमध्ये कोंडा किंवा तशी इतर साधनं ती तयार करतात. दुसरी पातळी कंटेनरची. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि लायब्रऱ्यांसकट ऑपरेटिंग सिस्टिमचा लागणारा भाग एका पेटीत बंद करून दुसऱ्याला देता येऊ लागला. मोठ्या संगणन केंद्रांवर सुरक्षेच्या कारणाने डॉकर चालवू देत नाहीत, तिथे अ‍ॅपटेनर वापरतात.

इथे एक फसगत नेहमी होते. डॉकरफाइल म्हणजे पेटी नव्हे. ती पेटी कशी बांधायची याच्या सूचना. त्या सूचनांत ‘ताजी आवृत्ती घे’ असं लिहिलं असेल, तर आज बांधलेली पेटी आणि दोन वर्षांनी बांधलेली पेटी वेगळी निघेल. म्हणून आवृत्त्या आकड्यांनिशी लिहायच्या आणि बांधलेली पेटीही जपून ठेवायची.

इतकं करूनही शेवटच्या दशांशापर्यंत आकडे जुळतीलच असं नाही. संगणकाच्या अपूर्णांकांत बेरजेचा क्रम महत्त्वाचा असतो. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवले तर ०.६००००००००००००००१ येतं; ०.२ आणि ०.३ आधी मिळवले तर ०.६. एकाच वेळी प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर चालणाऱ्या गणितात हा क्रम दर वेळी बदलू शकतो. म्हणून ‘जुळलं’ म्हणजे किती अंकांपर्यंत, हे आधीच ठरवून तपासणीत लिहून ठेवावं.

ज्युपिटर नोटबुकबद्दल थोडक्यात. कोड, आलेख आणि टिपा एकाच पानावर, त्यामुळे शिकायला आणि चाचपडायला ती उत्तम. पण त्यातले कप्पे कुठल्याही क्रमाने चालवता येतात, आणि खोडलेल्या कप्प्यातलं मूल्य स्मृतीत तसंच राहतं. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या लाखो नोटबुक पुन्हा चालवून पाहणाऱ्या २०१९ च्या एका अभ्यासात सुमारे २४ टक्केच न अडता चालल्या, आणि आधीचाच निकाल जेमतेम ४ टक्क्यांनी दिला. नोटबुक वापरा, पण कुणाला देण्याआधी कर्नल, म्हणजे मागे कोड चालवणारा भाग, नव्याने सुरू करून वरपासून खालपर्यंत एकदा चालवाच.

दुसऱ्याच्या हाती देताना

डेटा इतरांना उपयोगी पडावा म्हणून २०१६ मध्ये ‘फेअर’ नावाची तत्त्वं मांडली गेली. डेटा शोधता यावा, मिळवता यावा, इतर डेटाशी जोडता यावा आणि पुन्हा वापरता यावा. फेअर असणं म्हणजे सगळ्यांना खुला असणं नव्हे, हे लक्षात घ्या. रुग्णांची माहिती कुलपातच राहील. पण ती अस्तित्वात आहे, तिच्यात कोणते रकाने आहेत आणि ती कोणत्या अटींवर मिळते, हे तरी उघड असावं. सोबत कोड आणि रचनेने तसाच, पण बनवलेला डेटा दिला तर दुसऱ्याला यंत्रणा निदान चालवून बघता येते.

ठेवायचं कुठे? सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेने चालवलेलं झेनोडो २०१३ पासून आहे. तिथे फाइली ठेवल्या की डीओआय मिळतो, म्हणजे कायमचा पत्ता. प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरचा दुवा विद्यार्थी पदवी घेऊन गेला की बऱ्याचदा मरतो, डीओआयमागे संस्था उभी असते. कोडसाठी फ्रान्सच्या इनरिया संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलेलं सॉफ्टवेअर हेरिटेज आहे. ते जगभरचा खुला कोड गोळा करून जपतं.

या सगळ्याची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रकल्पात २९ संशोधक गटांना एकच डेटा आणि एकच प्रश्न दिला होता: फुटबॉलचे पंच सावळ्या खेळाडूंना जास्त लाल कार्डं दाखवतात का? २० गटांना तसा ठळक संबंध दिसला, ९ गटांना दिसला नाही. यातल्या प्रत्येक गटाचा कोड गिटमध्ये, पेटीत, साखळीत बसवला असता तरी २९ उत्तरं वेगवेगळीच राहिली असती. फक्त प्रत्येक उत्तर पुन्हा पुन्हा तेच आलं असतं. कोणता घटक मॉडेलमध्ये घ्यायचा, कोणती नोंद वगळायची हे माणसाचे निर्णय आहेत. फ्रेमवर्क ते निर्णय बरोबर करून देत नाही. ते उघड्यावर आणतं, म्हणजे दुसऱ्याला बोट ठेवून विचारता येतं, की इथे असं का केलंत? हर्नडनला तेच विचारण्यासाठी आधी स्प्रेडशीट मागावी लागली होती.

सुरुवात करणाऱ्याने सगळी साधनं एकदम घेऊ नयेत. कंटेनर आणि क्लाउड यांत महिना घालवून कच्चा तक्ता मात्र न तपासलेला, अशी कामं मी पाहिली आहेत. माझा क्रम असा असेल: कच्ची फाइल बंद करणं, आराखडा आणि दहा-बारा नियम, गिट, लॉकफाइल, आणि टप्पे चार-पाचच्या पुढे गेले की वर्कफ्लो साधन. कंटेनर त्यानंतर. नियम आणि छोट्या डेटावरची पूर्ण साखळी, कोडमधल्या प्रत्येक बदलानंतर गिटहब किंवा गिटलॅबच्या सर्व्हरवर आपोआप चालेल अशी व्यवस्था करता येते. तुमच्या संगणकावर आहे पण यादीत लिहिलेली नाही अशी एखादी लायब्ररी असेल, तर ती तिथे त्याच दिवशी उघडी पडते.

आणि शोधनिबंध पाठवण्याआधी एकदा फोल्डर अशा सहकाऱ्याला द्या, ज्याने या प्रकल्पावर काम केलेलं नाही. संगणक त्याचा, तुम्ही शेजारी बसायचं पण बोलायचं नाही. तो जिथे अडेल तिथे उत्तर तोंडी न देता रीडमी फाइलमध्ये (फोल्डरसोबतच्या सूचनांच्या फाइलीत) किंवा कोडमध्ये लिहायचं आणि त्याला पुन्हा सुरुवातीपासून चालवायला सांगायचं. पहिल्या दिवशी तो पहिल्या तासातच अडेल. शोधनिबंधातला मुख्य तक्ता त्याच्या पडद्यावर एकही प्रश्न न विचारता उमटेपर्यंत हे करत राहा.